हितेशचं मॅन्युअल पूर्ण होत नाही

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त टिंगल करायला वाचले. खोटं कशाला बोलू. चिंचेखाली दिसलेला माणूस, मागून आलेली हाक, आपोआप हललेला झोपाळा... वाचायचं, आमच्या ग्रुपवर टाकायचं आणि हसायचं. मी गास गावची. कॉलेजपासून पत्रकं लिहिते आणि वाटते — नाले बुजवणाऱ्यांविरुद्ध, टँकरवाल्यांविरुद्ध, आणि एकदा एका अंगारे देणाऱ्या बाबाविरुद्धही. त्या बाबाच्या दारात उभी राहून मी विचारलं होतं, पुरावा दाखवा. आता मीच लिहायला बसलेय आणि माझ्याकडे पुरावा म्हणून आहे एक काळी खिडकी आणि तिच्यात दोन शब्द. हसायचं त्यांनी हसा. मीही हसलेच असते.

आमच्या गटातला हितेश उमेळे गावचा. घर जुनं, बैठं. मागे केळी आणि चिकूची थोडी वाडी उरलेली, बाकी तिन्ही बाजूंना बिल्डिंगा. दुपारी तीननंतर अंगणात ऊन येत नाही. वडील लहानपणीच गेले. घरात तो आणि त्याची आई, सुमनकाकी. गटात तो एकटाच कॉम्प्युटरवाला. नोकरी करायचा, आणि उरलेल्या वेळात आमचे पसारे निस्तरायचा.

आमचा सगळा मजकूर व्हॉट्सअॅपवर लिहिला जायचा. तिथे शब्द ठळक करायचा तर दोन्ही बाजूंना चांदणीचं चिन्ह टाकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तोच मजकूर वेबसाइटला वेगळ्या खुणांमध्ये लागतो, आणि छापखान्याला आणखी वेगळ्या. दर पत्रकाला कोणीतरी बसून हाताने खुणा बदलायचं आणि अर्ध्या विसरायचं. एकदा 'बेकायदा' या शब्दाच्या चांदण्या तशाच छापून आल्या. पत्रक हातात घेऊन एक आजोबा म्हणाले, "बेकायदाला पण अटी लागू आहेत का गं?"

त्या दिवसानंतर हितेशने एक टूल लिहिलं. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाइप करायची — टूलचं नाव, फाइलचं नाव, काय हवंय ते — आणि एन्टर. एका खुणांमधला मजकूर दुसऱ्या खुणांमध्ये जायचा. टूलचं नाव त्याने ठेवलं 'उलथणं'.

"माज्या उलथन्याचं नाव दिलंय मेल्यानं," काकी सांगत फिरायची. "भाकरी काय करपवली, तर आता कागद करपवतोय."

मेल्या हा तिचा लाडाचा शब्द होता. आता ती तो कोणालाच म्हणत नाही.

टूलचे संदेशही त्याच्यासारखेच. फाइलचं नाव चुकलं तर यायचं — "फाइल सापडली नाही. नाव नीट बघ, मग मला फोन कर." चांदणी उघडून बंद करायला विसरलात तर — "दार उघडं टाकून कुठे गेलास?" आणि सगळं नीट झालं की एकच शब्द: "झालं."

पण हे त्याच्याशिवाय कोणाला चालवता येत नव्हतं. आम्ही सगळे काळ्या खिडकीला घाबरायचो. म्हणून त्याने मराठीत मॅन्युअल लिहायला घेतलं आणि मला सोबत ओढलं.

"तू लिहिशील ते तुझ्यासारख्याच ढ माणसाला कळेल," तो म्हणाला.

"आणि तू लिहिशील ते?"

"ते फक्त मला कळेल. आणि मला तर येतंच."

त्याचे नियम कडक होते. उदाहरण स्वतः चालवून बघितल्याशिवाय लिहायचं नाही. स्क्रीनवर येऊ शकणारा प्रत्येक संदेश मॅन्युअलमध्ये आलाच पाहिजे, कारण माणूस घाबरतो तो नेमका तेव्हाच. आणि तिसरा नियम — मॅन्युअलची छापायची प्रत उलथण्यातूनच निघाली पाहिजे. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमधून नाही. स्वतःचं मॅन्युअल ज्याला उलथता येत नाही ते उलथणं घेऊन लोकांनी काय करायचं, असं त्याचं म्हणणं.

मग तो पाऊस आला. आमच्याकडे कुठे पाणी भरतं, किती दिवस राहतं, मी इथे सांगत नाही. इथले वाचक त्यातून चालून आलेत. हितेशही त्यातूनच चालत कामावर गेला आणि आला. पायाला जखम होती. ताप आला, अंग दुखतंय म्हणाला, साधा असेल म्हणाला. लेप्टो होता. दोन हॉस्पिटलं फिरलो, तिसऱ्यात जागा मिळाली, तोवर किडन्या गेल्या होत्या. ज्या नाल्यावर भराव टाकल्यामुळे ते पाणी अडतं, त्याचं पत्रक त्याच्याच टूलमधून निघालं होतं. पत्रक वाटून झालं. भराव तिथेच आहे. त्यावर आता पार्किंग आहे.

माझा राग अजून गेलेला नाही. पण हा अनुभव रागाचा नाही.

हितेशचे सगळे विधी झाल्यावर सुमनकाकीने मला बोलावून घेतलं. हितेशच्या खोलीत गेली, लॅपटॉपवरचा टॉवेल काढला.

"बाय, त्याचं ते पुस्तक अर्धंच र्‍हायलंय ना? ते कोन पुरं करनार?"

"मी करते, काकी."

"त्यानं सांगितलंय तसंच कर. त्याच्याच मशीनवर कर."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपली की मी स्कूटी काढून उमेळ्याला जायची. हितेशच्या खुर्चीत बसायचं, एक एक आज्ञा चालवायची, काय आलं ते लिहायचं. जाताना काकीच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या केमिस्टकडून आणायच्या, कारण आधी त्या हितेश आणायचा. काकी पिशवी घ्यायची, "ठेवते हां" म्हणायची आणि विचारायची, "किती र्‍हायलं?"

मी उत्साहाने सांगायची. संदेशांचा भाग झाला, काकी. तक्त्यांचा झाला. आता फक्त छपाईचा उरलाय. मला वाटायचं, म्हातारीला उभारी येतेय. मुलाचं काम पुढे सरकताना बघून कोणाला येणार नाही?

मधल्या काळात काही गोष्टी मला दिसल्या. दिसल्या आणि मी सोडून दिल्या. एका रविवारी अंगणात कोंबड्या नव्हत्या. "शेजारनीला दिल्या. कोन त्यांचं करीत बसनार." दुसऱ्या वेळी चुलीमागचा मोठा तांब्याचा हंडा नव्हता. भाचीला दिला म्हणाली. पातळांची ट्रंक रिकामी करून बाहेर उन्हात उलटी टाकलेली. ती वाळतही चालली होती, पण दुःखात माणूस वाळतंच, असं मी धरून चालले. आणि एक वाक्य ती सारखं म्हणायची.

"हे तेवढं झालं का मी मोकली."

आपण सगळेच म्हणतो असं. मुलीचं लग्न झालं की मोकळी, घराचं काम झालं की मोकळी. मीही तसंच ऐकलं.

शेवटचं पान लिहून झालं तो रविवार. बाहेर लख्ख ऊन होतं, बिल्डिंगच्या टेरेसवर कोणाच्यातरी हळदीचा डीजे लागलेला. भुतासारखं काहीही नव्हतं, हे मुद्दाम सांगते. मी सगळी पानं एका फाइलमध्ये जोडली, काळी खिडकी उघडली, छापायची प्रत काढायची आज्ञा टाइप केली आणि काकीला हाक मारणार होते, या, बघा म्हणून.

एन्टर दाबलं. खाली ओळ आली.

"अजून नाही."

मी हसले. हितेशची काहीतरी गंमत असणार. पण मॅन्युअलसाठी मी त्याच्या कोडमधला एकूण एक संदेश शोधून काढला होता. हा त्यात नव्हता. माझ्याकडून सुटला म्हणून चिडले. कोडमध्ये शोध लावला. 'अजून' हा शब्दच नाही. पुन्हा चालवलं. "अजून नाही." जुनं पत्रक घेऊन चालवलं. "झालं." प्रत निघाली, चोख. मॅन्युअल घातलं. "अजून नाही."

चंदनसारला साहिल राहतो. हितेशच्या ऑफिसातला, खरा प्रोग्रामर. त्याला फोन केला.

"यार, रविवार आहे," तो म्हणाला.

"हितेशचं आहे."

तासाभरात बाइकवर हजर.

पहिला अर्धा तास तो माझ्यावरच संशय घेत होता. "तू काय टाकलंस यात? काही डाउनलोड केलंस का?" मग हेडफोन काढून ठेवले. पूर्ण टूल त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर घेतलं, इंटरनेट बंद केलं, तिथे चालवलं. "अजून नाही."

"हे येतंय कुठून?" तो स्वतःशीच म्हणाला. "प्रिंट करणारी ओळच नाहीये रे बाबा."

मग प्रोग्रामर लोक करतात ते त्याने केलं. फाइल अर्धी केली. जी अर्धी अडेल तिच्यात दोष, मग तिचे पुन्हा दोन तुकडे, असं करत दोषापर्यंत पोचायचं. पहिली अर्धी घातली — "झालं." दुसरी अर्धी — "झालं." दोन्ही जोडल्या — "अजून नाही." त्याला वाटलं लांबीचा प्रश्न असेल. तेवढीच लांब दुसरी फाइल बनवली. "झालं." शेवटी एक एक पान काढून बघितलं. मॅन्युअलमधलं कुठलंही एक पान काढा — पहिलं, मधलं, कुठलंही — "झालं." ते परत ठेवा — "अजून नाही."

म्हणजे चूक कुठल्याच पानात नव्हती. पूर्ण झालेलं तेवढं त्याला चालत नव्हतं.

साहिलने माझ्याकडे बघितलं. "दुसऱ्या टूलमधून काढून देऊ? दोन मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणार पण नाही."

त्याचवेळी काकी चहा घेऊन आली. "झालं का?"

"थोडं अडलंय, काकी," साहिल म्हणाला. "होईल आज. काढतोच."

"हां. आजच काढ," ती म्हणाली. कप ठेवताना तिचा चेहरा असा होता की... कसं सांगू. गाडी लागलीय आणि सामान बांधून झालंय, तसा.

साहिलचं डोकं चढलं होतं, त्याला गोळी हवी होती. काकीला कशाला उठवा म्हणून मी आत गेले, फडताळातला तिचा औषधांचा डबा उघडला. डबा गच्च भरलेला होता. मी आणलेल्या सगळ्या गोळ्या. केमिस्टच्या पिशव्यांसकट, एकावर एक. एकही पट्टी फोडलेली नाही.

मी तो डबा घेऊन तिथेच खाली बसले. कोंबड्या, हंडा, पातळं, मोकली. इतकी शिकली-सवरलेली मी, लोकांना पत्रकातून सांगते की डोळे उघडे ठेवा.

बाहेर आले. डबा तिच्यापुढे ठेवला.

"काकी, हे काय आहे?"

तिने डब्याकडे बघितलं. लपवायचा प्रयत्न नाही, काही नाही.

"काय करू खाऊन?"

"काय करू म्हणजे?"

"बाय, तू शिकलेली. मला सांग, मी कोनासाठी खाऊ? त्याचं एक काम अर्धं व्हतं, ते तू पुरं केलंस. तुजं भलं होईल. ते हातात आलं का माजं काय र्‍हायलं हितं?"

साहिल खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. माझ्या तोंडात एरवी शब्द कमी पडत नाहीत. पण कोणाची आई, कोणाचं दुःख, आणि त्यात मी काय भाषण देणार? मी फक्त लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

"काकी, ते होत नाहीये. सकाळपासून चालवतोय आम्ही. हेच येतंय."

काकी चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचते. तिने बोट काचेवर ठेवलं आणि वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे कोन म्हनतो?"

"मशीन म्हणतेय."

"मशीन कोनाची?"

 

काकी पुन्हा स्क्रीनकडे वळली. आणि मग तिला राग आला. मला वाटलं होतं रडेल. ती रडली नाही, भांडली. स्क्रीनकडे बघून, हात नाचवून, दारातल्या भाजीवाल्याशी भांडावं तशी.

"तू गेलास तवा मला इचारलंस? हां? पानी भरलंय, जाऊ नको म्हटलं, ऐकलंस? आनि आता मला नाय म्हननारा तू कोन रं? मी किती दिस बसायचं हितं? एकटी? सांग की."

स्क्रीनवर तेच दोन शब्द. ओळीखाली तो छोटा चौकोन उघडझाप करत होता, पुढची आज्ञा मागत.

ती थांबली. धाप लागली होती. पदराने तोंड पुसलं. मग डब्यातून एक पट्टी काढली, माझ्या हातात दिली.

"फोड. मला येत नाय फोडता. त्योच फोडून द्यायचा."

गार झालेल्या चहासोबत तिने गोळी घेतली. साहिल बाहेर अंगणात गेला होता. बाइकला टेकून उभा होता, आमच्याकडे पाठ करून.

ही झाली घडलेली गोष्ट.

त्यानंतर साहिलने ते टूल ऑफिसातल्या आणखी एकाला दाखवलं. तो म्हणाला, न दिसणारं एखादं अक्षर असेल, पानं जोडताना घुसत असेल. शोधलं. नव्हतं. कोणी म्हणालं हितेशनेच आईसाठी लपवून ठेवलं असेल. पण आजारी पडेपर्यंत तो मरणार आहे हे त्याला कुठे माहीत होतं? आणि लपवलंय तर कुठे? एवढंसं कोड आहे, मी त्याची ओळ न् ओळ वाचलीय. मॅन्युअलच मी लिहिलंय. आमच्या मिस्सातल्या एका काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, शुद्धीस्थानातल्या, स्वर्गाच्या वाटेवर थांबलेल्या आत्म्यांसाठी प्रार्थना कर. केली. मी विश्वास ठेवते असं नाही. केली.

मला जास्त टोचतं ते वेगळंच आहे. मी घरोघर जाऊन सांगणारी, की कशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आणि एक बाई रोज सकाळी गोळ्या घेते, कारण मेलेला मुलगा 'अजून नाही' म्हणतो असं तिला वाटतं. मी तिला एकदाही म्हटलेलं नाही की काकी, असं नसतं. कधी म्हणणारही नाही. गटातल्यांनी हे वाचून मला जाब विचारला तरी चालेल.

लोक मॅन्युअल मागतात. दुसऱ्या गावांतले गट आता उलथणं वापरतात, अडलं की मला फोन करतात, आणि मी फोनवर सगळं तोंडी सांगते — आधी टूलचं नाव, मग जागा सोडा, मग फाइल. अहो ताई, पुस्तिका कधी येणार? मी उत्तर देते, काम प्रगतिपथावर आहे. हे वाक्य ज्यांच्या तोंडून ऐकून मी त्यांच्याविरुद्ध पत्रकं काढली, त्यांच्यासारखंच मीही बोलते. आणि ते काम संपू नये असं मनापासून वाटणारी बहुधा मी एकटीच.

सुरुवातीला दर रविवारी काकी स्वतःच म्हणायची, "चालव." मी चालवायची, ती बोट ठेवून वाचायची, मान हलवायची आणि ताटं वाढायला जायची. पण गोळ्या उशिरा सुरू झाल्या. मधल्या काळात शुगरने करायचं ते करून ठेवलंय. पायाची जखम भरत नाही, डॉक्टर किडनीचे आकडे बघून माझ्याशी दाराबाहेर बोलतात. ती आता भिंतीला धरून चालते. गेले काही रविवार मी ती आज्ञा टाइप करते, पण एन्टर दाबत नाही. माझं बोट पुढे जात नाही. तिथे आज काय येईल ते मला कळायला नको आहे. मी स्क्रीन माझ्याकडेच ठेवते आणि तोंडानेच सांगते.

"अजून नाही म्हणतोय, काकी."

तिचे डोळेही आता अधू झालेत, ती वाचायला येत नाही. परवा मी सांगितल्यावर जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, पकडलं हिने. पण तिने फक्त ताटातला भात माझ्याकडे सरकवला, वर कालवण ओतलं.

"बंद कर ते," ती म्हणाली. "जेव आदी. त्याला काय घाई नाय."